आज घरी काय केलंय?

दिवाळीच्या अंकात हुलग्यांबद्दल लिहू नये, एवढे मलाही कळते. वाचकाच्या एका हातात चकली नि दुसऱ्या हातात अंक असताना मी घोड्याच्या खुराकाची गोष्ट काढणे बरे दिसत नाही, असे आमच्या सौ.चे स्पष्ट मत पडले. पण ह्या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे की, विषय मी शोधत नाही. तेच वर्षभर माझ्या मागे लागतात आणि दिवाळी जवळ आली की उंबऱ्यात ठाण मांडून बसतात. यंदा हुलगे येऊन बसले. माझा नाइलाज आहे.

गोष्ट नगर जिल्ह्यातली असली, तरी तिची सुरुवात झाली मेक्सिको देशात.

माझा पुतण्या अमेरिकेत ह्यूस्टनला नोकरी करतो. गेल्या मार्च महिन्यात आठवडाभराची सुटी काढून तो दक्षिण मेक्सिकोतल्या एका प्रांतात हिंडून आला. ह्या प्रांताचे नाव लिहिताना ओआक्साका असे लिहितात आणि म्हणताना वाहाका असे म्हणतात. मराठी शुद्धलेखनाला नावे ठेवणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे! तिथून त्याने मला पत्र पाठवले. पत्र म्हणजे फोनवरचेच. पण चांगले ऐसपैस, जुन्या वळणाचे. देवळे नि डोंगर त्याने दोन ओळींत उरकले होते. बाकीचा सगळा मजकूर एका जेवणाचा.

एका लहानशा गावात, एका घराच्या पुढच्या पडवीत चाललेल्या खानावळीत तो जेवला होता. असल्या घरगुती खानावळीला तिकडे 'फोंदा' म्हणतात. म्हातारी आजी मोठ्या तव्यावर मक्याच्या भाकरी भाजत होती, सून वाढत होती आणि नातू पैसे घेत होता. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन वाटायचा आणि त्या लगद्याच्या पातळ भाकरी थापायच्या, अशी तिकडची रीत. भाकरीबरोबर 'मोले' नावाचा काळा रस्सा. वाळलेल्या मिरच्या, तीळ, मसाले नि थोडासा कोको हे सगळे भाजून वाटायचे आणि शिजवायचे. म्हणजे आपल्या काळ्या मसाल्याच्या आमटीची दूरदेशी दिलेली बहीणच म्हणायची. पत्राच्या शेवटी चिरंजीवांनी लिहिले होते, "काका, इथे पदार्थांची यादी नसते. आत जायचं आणि विचारायचं, आज घरी काय केलंय? जे केलं असेल ते पानात पडतं. आपल्याकडे असं कुठे मिळतं हो?"

हा शेवटचा प्रश्न मला झोंबला. आपल्याकडे घर नाही की काय? आपल्याकडे आज्या नाहीत? पण उत्तर लिहायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी शेकडो हॉटेलांत जेवलो. पण हा प्रश्न एकाही ठिकाणी विचारलेला नाही.

मास्तराला काही झोंबले की तो ग्रंथालयात जातो. मीही गेलो. तिथे कळले की मेक्सिकोतली ही मक्याची भाकरी काही सुखासुखी मानाच्या पाटावर बसलेली नाही. स्पॅनिश लोकांनी बरोबर गहू नेला आणि साहेबी पानात गव्हाचा पाव जाऊन बसला. १८९९ साली फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या तिथल्याच एका लेखकाने माणसांचे गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे असे तीन वर्ग पाडले आणि प्रगती काय ती गहू खाणाऱ्यांच्या वाट्याची, असा निवाडा देऊन टाकला. पुढे २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोचा परंपरागत स्वयंपाक मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातला. त्या यादीला भुलून आमचा पुतण्या विमानाने तिथे जेवायला गेला. पण मधली शंभर-सव्वाशे वर्षे ती आजी मक्याची भाकरी भाजतच होती.

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब भंडारदऱ्याला गेलो, तेव्हा हे सगळे माझ्या डोक्यात घोळत होते. 'सहकुटुंब' म्हणजे मी, सौ., अकरावीतले चिरंजीव आणि सातवीतली कन्या. आई गुडघ्यांमुळे आली नाही. ती माझ्या बहिणीकडे राहिली आणि निघताना "तिकडे पाणी उकळलेलंच प्या" एवढा उपदेश तिने केला.

आईचे माहेर पारनेर तालुक्यातले. त्यामुळे नगर जिल्हा म्हणजे माझे आजोळ. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण आईच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि माझ्या लेखणीतूनही तेच उतरते. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. एवढ्या मोठ्या घरात एकच भाकरी कशी असेल? शेवगाव-पाथर्डीकडे ज्वारीची, पारनेरकडे बाजरीची, आणि पश्चिमेच्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीतल्या अकोले तालुक्यात नागलीची. नागली म्हणजे आपण शहरात जिला नाचणी म्हणतो ती. ह्याच तालुक्यात कळसूबाईचे शिखर आहे आणि ह्याच तालुक्यात रतनगडाच्या बाजूला उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याला अडवलेली आहे. धरण १९२६ साली पुरे झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन ह्यांचे नाव त्याला दिले होते. धरणाचे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर-श्रीरामपूर-राहुरीकडे गेले, तिथे ऊस झाला, साखर झाली, १९५० साली लोणीचा सहकारी कारखाना सुरू झाला. वरच्या डोंगरउतारावर मात्र अजून पावसाच्या भरवशावर भात नि नागली. एकाच नदीच्या वरच्या अंगाला नागली नि खालच्या अंगाला साखर, असा हा जिल्हा आहे.

पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर अशा रस्त्याने आम्ही गेलो. वाटेतल्या पाट्या मी प्रथमच लक्ष देऊन वाचल्या. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, गुजराथी थाळी, जैन. सबंध हिंदुस्थान नि वर चीन, सगळे रस्त्याच्या कडेला हारीने उभे. नव्हता तो फक्त नगर जिल्हा. पहिल्या रात्री उतरलो तिथल्या भोजनगृहात पनीर खाल्ले. दोन रंगांचे होते, एक लाल नि एक हिरवे, चव एकच. रात्री काजवे पाहिले. काजव्यांवर लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाही, तेव्हा मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा घालून रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ पाहिले. परतताना दुपारचा दीड वाजला होता. ऊन मी म्हणत होते. शेतांच्या खाचरांतून राब भाजल्याचे काळे चौकोन दिसत होते. भाताची नि नागलीची रोपे टाकण्यासाठी पालापाचोळा नि शेण पसरून जमीन भाजून ठेवतात, ते हे. एका वळणावर पत्र्याची पडवी दिसली. पाटीवर लिहिले होते, 'घरगुती जेवण मिळेल'.

आत पाच टेबले, भिंतीवर देवाचे कॅलेंडर, कोपऱ्यात पाण्याचा माठ. बारावी-तेरावीतली वाटावी अशी एक मुलगी पुढे आली आणि एका दमात म्हणून गेली, "शेवभाजी, पनीर मसाला, काजू करी, अंडा करी, दाल तडका, जीरा राइस, मंचुरियन." वडील बाहेर गाडी लावायला जागा दाखवत होते, धाकटा भाऊ पाणी देत होता, आतून फोडणीचा आवाज येत होता. घरगुती ह्या शब्दाची व्याकरणशुद्ध व्याख्या डोळ्यांपुढे उभी होती. फक्त तिच्या यादीत घर नव्हते.

मी घसा साफ केला आणि विचारले, "आज घरी काय केलंय?"

मुलगी गोंधळली. तिने यादी पुन्हा म्हणायला सुरुवात केली.

"हे नाही. तुम्ही स्वतः आज काय जेवणार आहात?"

"आम्ही?" ती माझ्याकडे, मग सौ.कडे बघू लागली. सौ.ने "मी ह्यांच्याबरोबरची नाही" असा चेहरा केला. मुलगी आत गेली. कुजबूज झाली. पदराला हात पुसत तिची आई बाहेर आली.

"काय पाहिजे होतं, सर?"

मी मास्तर आहे हे लोकांना कसे कळते, हे मला आजवर उमगलेले नाही. बहुधा प्रश्न विचारण्याची ढब. मी म्हटले, "ताई, घरच्यांसाठी जे केलं असेल ते आम्हाला चालेल."

"अहो, ते आमचं असंच असतं. तुम्हाला नाय आवडायचं."

"पण आहे तरी काय?"

ती बाई खरोखरीच अवघडली. एखाद्याच्या घरी न सांगता जाऊन त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल चौकशी करावी, तसे काहीतरी मी करतो आहे, असे मला वाटू लागले. एवढ्यात आतल्या अंधारातून एक खणखणीत आवाज आला, "शेंगोळे हायेत म्हणावं! अन् नागलीची भाकर! लाजायचं काय त्यात?"

ती त्या घरातली आजी.

शेंगोळे हा शब्द कानांवर पडला आणि मी एकदम पाटावर बसलेला सहा-सात वर्षांचा मुलगा झालो. ज्यांना ते ठाऊक नसतील, त्यांच्यासाठी सांगतो. हुलगे म्हणजे कुळीथ. त्याच्या पिठात वाटलेला लसूण, मिरची, जिरे, मीठ घालून ते घट्ट मळायचे. त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करून वाटल्यास त्यांची कडी जुळवायची आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. शिजताना थोडे पीठ पाण्यात उतरते आणि त्याचाच रस्सा होतो. ना खोबरे, ना काजू, ना साय. गरिबाच्या घरात जे असते तेवढ्यावर भागणारा पदार्थ. हुलग्याला फार पाणी लागत नाही, हलकी जमीन चालते. दुष्काळात बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली तरी हुलगा येतो. म्हणूनच की काय, तो जनावरांच्या आंबोणात जातो. इंग्रजांनी तर त्याला घोड्याचेच नाव दिले.

"आम्हाला शेंगोळेच द्या," मी म्हटले. मुलांनी मात्र एकमताने शेवभाजी मागितली. सौ.ने सावध पवित्रा घेतला, "मी ह्यांच्यातलं चाखून बघेन."

पान आले. अॅल्युमिनियमच्या ताटात काळपट तांबूस नागलीची भाकरी, वाटीत शेंगोळे, खुरासणीची काळी चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा आणि करवंदाचे लोणचे. आजी स्वतः भिंतीला टेकून समोर बसली. माझ्या वाटीवर तिची नजर होती. परीक्षेच्या दालनात मी मुलांवर ठेवतो तशी.

पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आले. ठेच्यामुळे आले असे मी जाहीर केले. वेळ निभावून नेण्यासाठी मी मुलांना मिरचीचा इतिहासही सांगू लागलो. ह्याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पण ज्ञानेश्वरांनी मिरची कधी चाखली नव्हती. तेव्हा तिखट म्हणजे मिरे. मिरची मूळची अमेरिका खंडातली, तिकडे मेक्सिकोच्या बाजूची. ती पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून इकडे आली आणि आल्या आल्या मिऱ्याचेच नाव घेऊन बसली.

"म्हणजे बाबा, हा ठेचा मेक्सिकन?" चिरंजीवांनी विचारले.

"ठेचा आमचा हाये," आजी म्हणाली. विषय संपला.

मला मात्र त्या वाटीत दुसरेच काही दिसत होते. मी सहावीत असेन. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्यात आलो होतो. मला नवीन शाळेत एक मित्र मिळाला होता, चांगल्या वाड्यातला, स्वच्छ उच्चारांचा. एका संध्याकाळी मी त्याला घरी घेऊन आलो. आईने त्या दिवशी शेंगोळे केले होते. सगळ्या घरात लसणाचा नि हुलग्याचा वास. आईने हौसेने दोन वाट्या भरल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन हलक्या आवाजात तिला म्हटले, "हे नको देऊस त्याला. पोहे कर ना." आई काही बोलली नाही. तिने वाट्या झाकून ठेवल्या आणि पोहे केले. मित्राने पोह्यांची तारीफ केली. त्यानंतर आमच्याकडे कुणी येणार असले की हुलग्याचा डबा वरच्या फळीवर जाई. पुढे तो खाली येईनासाच झाला. मी कॉलेजात शिकवू लागलो, ग्रामीण साहित्यावर तास घेऊ लागलो. त्यातल्या भाकरीच्या वर्णनांवर मी चांगली व्याख्याने देतो, असे विद्यार्थी म्हणतात.

सौ.ने एक शेंगोळा चाखला, मग दुसरा, आणि मग स्वतःसाठी वेगळी वाटी मागितली. चिरंजीवांनी शेवभाजी सोडली नाही. कन्येने भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून "बरं लागतं" असे म्हटले. सातवीतल्या मुलीच्या तोंडून ही पदवी मोठी आहे.

आता माझ्यातला व्याख्याता जागा झाला. मी त्या ताईंना म्हटले, "हे तुम्ही यादीत का नाही लिहीत? शहरातले लोक हल्ली नाचणीची बिस्किटं महाग दराने विकत घेतात. कॅल्शियम असतं म्हणतात त्यात. २०२३ साल तर साऱ्या जगाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं."

ताईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही एक दिवस खाता म्हणून गोड लागतं. आम्ही लहानपणापासून हेच खाल्लं, दुसरं नव्हतं म्हणून. चार पाव्हणे येतात, पनीर मागतात, त्याच्यावर हिची फी भरली जाते. नागलीच्या भाकरीचे कोण किती देणार? अन् थापायला वेळ किती लागतो! पाव्हण्याला घाई असते."

ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलगी मात्र मधेच म्हणाली, "आई, राहीबाईंकडे बघ की." आणि माझ्याकडे वळून, "आमच्याच तालुक्यातल्या ना त्या, कोंभाळण्याच्या. गावठी बियाणं सांभाळलं म्हणून २०२० ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. त्यांच्याकडे सगळे जुनं बियाणं बघायला येतात. तेच सगळे आमच्याकडे जेवायला बसले की पनीर मागतील."

मी पेला उचलून पाणी प्यालो.

बिल आले, तेव्हा खरी मौज झाली. कागदावर लिहिले होते: शेवभाजी दोन, चपाती सहा, पाण्याची बाटली एक. शेंगोळ्यांचा नि नागलीच्या भाकरीचा उल्लेखच नाही. आम्ही दोघांनी मिळून पाच भाकरी खाल्ल्या होत्या!

"हे राहिलं," मी म्हटले.

"त्याचे काय पैसे घ्यायचे?" ताई म्हणाल्या. "ते घरचं होतं."

मी हट्टाला पेटलो. त्या ऐकेनात. मालकांना बाहेरून बोलावले, तेही म्हणाले, "सर, जे कार्डात नाय त्याचा भाव कसा लावणार?" हा युक्तिवाद बिनतोड होता. पदार्थ यादीत नाही म्हणून त्याला किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून तो यादीत नाही. शेवटी आजीने तोडगा काढला. "हुलगे घेऊन जा की घरला. त्याचे घेते मी पैसे. दाण्याला भाव असतो." तिने आतून हुलग्यांचे गाठोडे आणले, दोन किलो तोलून दिले, पैसे मोजून कनवटीला लावले. कच्च्या दाण्याला भाव आहे. तो दळून, मळून, वळून, शिजवून पानात वाढला की तो फुकट! आमच्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्याला मी हे कोडे घातले. त्याने मला तीन पुस्तकांची नावे दिली. मी ती अजून उघडलेली नाहीत.

निघताना ती मुलगी गाडीपर्यंत आली. हातात ते चकचकीत यादीचे कार्ड आणि एक पेन. "सर, तुम्ही मराठी शिकवता ना? (हे सौ.ने फोडले होते.) मग एक सांगा. कार्डावर लिहायचं झालं तर 'शेंगोळे' लिहायचं की 'शेंगुळे'? शुद्ध काय?"

वीस वर्षे मी उत्तरपत्रिकांतले ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने सुधारतो आहे. त्या क्षणी मला एवढेच आठवेना की आई काय म्हणते. कारण आईच्या तोंडून तो शब्द ऐकून मला तीस वर्षे होऊन गेली होती. "तुझी आजी म्हणते तसं लिही," मी म्हटले. तिने कार्डाच्या तळाशी, मंचुरियनच्या खाली, पेनाने 'शेंगोळे, नागलीची भाकर' असे लिहिले. पुढे किमतीसाठी एक आडवी रेघ ओढली आणि ती कोरीच ठेवून माझ्याकडे पाहिले. मी एक आकडा सांगितला. ती हसली आणि त्याच्या निम्मा आकडा लिहिला.

पुण्याला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आईला बहिणीकडून घरी आणले. मी तिच्यापुढे हुलग्यांची पिशवी ठेवली आणि सारी हकिगत सांगितली. मित्राची नि पोह्यांची गोष्ट तेवढी गाळली. आईने पिशवीत हात घालून दाणे वर काढले, फुंकर मारली, दोन खडे वेचून बाजूला ठेवले.

"डोंगराकडचे आहेत. बारीक आहेत, पण चव असेल," ती म्हणाली. मग जुन्या परीक्षकाच्या सुरात, "पिठात लसूण घातला होता की नुसता फोडणीत?"

"दोन्हीत."

"ओवा?"

"नव्हता बहुधा."

"ओवा पाहिजे. हुलगा उष्ण, पोटाला जड. आमच्याकडे ओव्याशिवाय शेंगुळं कुणी करत नाही."

शेंगुळं! मी तो शब्द मनात टिपून ठेवला. पुढे बाहत्तरच्या दुष्काळाची गोष्ट निघाली. त्या वर्षी माहेरी तांबडी मिलो ज्वारी खाऊन सगळे कसे कंटाळले होते आणि आजोबांनी कुठून तरी पायलीभर हुलगे आणले, तेव्हा घरात सण झाल्यासारखे कसे वाटले, हे तिने सांगितले. ही गोष्ट मी तिच्या तोंडून पूर्वी ऐकली नव्हती. ऐकायला बसलोच नव्हतो, हे जास्त खरे.

हुलगे दळून आले. रविवारी सकाळी आईने स्वयंपाकघरात खुर्ची मागितली, कारण आता तिला खाली बसता येत नाही. परात मांडीवर घेऊन ती वळ्या करू लागली. तिची बोटे कापतात. पण पीठ हातात आले की कापायची थांबतात, हे मी त्या दिवशी पाहिले. कन्या शेजारी उभी राहून वळायला शिकत होती. तिची वळी जाड होत होती नि आई ती पुन्हा मोडून तिच्या हातात देत होती. फोडणीचा वास घरभर सुटला. सौ.ने खिडक्या उघडल्या, मग काय वाटले कोण जाणे, पुन्हा लावून घेतल्या.

पाण्याला उकळी आली. शेंगुळी त्यात सोडता सोडता आईने मान वळवून मला विचारले, "आज कुणी यायचं नाही ना रे आपल्याकडे?"

"यायचं आहे," मी म्हटले. आणि फोन हातात घेऊन कोणाला बोलवावे ह्याचा विचार करू लागलो.